बेहड्याखालची समाधी

धावडी, ता. जळकोट
६ एप्रिल २०२५

चि. वीरेश यास,

पुढे 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच. परत लिहावंसं वाटलं तर लिहीन.

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलेला आहे हे कळलं मला. शेजारच्या पंचफुलाबाईच्या फोनवरून लावला, तर 'हॅलो' म्हणालास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून हा कागद. तू पाकीट फोडलं नाहीस तर दामिनी फोडेल. बंद पाकीट तिच्याच्यानं बघवत नाही, माझ्यासारखीच आहे ती.

सरळ विचारते. बेहड्याला काय घातलंस?

अप्पांच्या बनातला बेहडा अजून फुटला नाही. दर वर्षी शिवरात्रीच्या पुढेमागे तो सगळी पानं टाकून देतो आणि पाडव्याला तांबूस पालवी येते. अप्पा दुकान उघडायच्या आधी बनात जाऊन ती बघून यायचे आणि मग गुढी उभी राहायची, हे तू विसरला नसशील. यंदा पाडवा होऊन गेला. पळस फुलून झडला, बेलांना नवी पानं आली, खैरही जागा झाला. बेहडा तसाच उघडा उभा आहे. नखानं साल खरवडून बघितली. विहिरीकडच्या बाजूला आत थोडं हिरवं लागतं, समाधीकडच्या बाजूला नुसतं तपकिरी.

बुंध्याला भोक पाडून आत हिंग भरलं की झाड उभ्या उभ्या वाळतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी बुंध्याभोवती फिरून, वाकून, हात फिरवून बघितलं. भोक सापडलं नाही. पण तू इंजिनिअर माणूस, तू पाडलेलं भोक माझ्यासारखीला कुठं सापडायचं!

उगाच बोलत नाही मी. गेल्या महिन्यात दोन माणसं गाडी घेऊन आली होती, सोलरवाली. बनात टेप टाकून मोजून गेली. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर म्हणे 'नांदेडच्या साहेबांनी'. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवणारा नांदेडचा साहेब मला तरी एकच माहीत आहे.

मागच्या श्रावणात अप्पा गेले तेव्हा त्यांना मी बेहड्याखाली समाधीत बसवलं ते तुला रुचलं नाही. तुला त्यांना उदगीरच्या रुद्रभूमीत, आपल्या लोकांच्या दफनभूमीत न्यायचं होतं. पहिली माती दिलीस आणि जेवायलाही न थांबता गाडीत बसलास. का, ते मला तेव्हाच कळलं होतं. शेतात बापाची समाधी असली की ते शेत दुसऱ्याला द्यायला जड जातं. मी मात्र विधीत काही कमी पडू दिलं नाही. विभूती, बेल, सगळं रीतसर. कुठं हात आखडला नाही.

या गावाचं नाव धावडी, आणि धावड्याचं एक झाड सांगायला उरलेलं नाही. डोंगराची एक बाजू सोयाबीननं घेतली, दुसरी खडीच्या क्रशरनं. मधलं आपलं बन तेवढं अप्पांनी राखलं, आणि तेही लोकांच्या शिव्या खाऊन. रानडुकरं तुमच्याच बनात लपतात, मोर तुमच्याच बनातून पिकावर येतात, अशी भांडणं घेऊन लोक दुकानात यायचे. अप्पा त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "आपल्यात माणूस मेला की मातीत बसवत्यात, जाळायला लाकूड लागत न्हाई. माझ्या वाटणीचं लाकूड मी उभंच ठिवून राहिलो, एवढंच समजा."

त्यांच्या वाटणीचं लाकूड वाळायला लागलंय. तू काय केलंस ते सांग. शिव्या नंतर देईन.

शिवगंगा


धावडी
२ मे २०२५

वीरेश,

पत्राला उत्तर म्हणून दामिनीचा फोन आला. बायकोला पुढे करायची तुझी ही सवय जुनी आहे. आधी आपल्या आईला, अव्वाला पुढे करायचास.

ती म्हणाली, "आक्का, हे म्हणत्यात मी झाडाला हात लावला न्हाई. आन् मातीच्या दिवशी मी काय म्हणलो होतो ते आक्कानं आठवून बघावं."

मला काही आठवत नाही. त्या दिवशी तू पुष्कळ बोललास, पाऊस होता, माणसं होती. सगळं कोण ध्यानात ठेवणार.

बरं, दोन गोष्टी कळवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे शिंगचोचे आले, ते धनेश पक्षी. झाडाला पालवी नाही म्हणून येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्यांना ढोलीशी काम, पानांशी नाही. मादी आत बसली आणि तोंड लिंपूनही घेतलं. चोचीपुरती फट तेवढी दिसते. नर विहिरीवरच्या उंबराची फळं आणून तिला भरवतो. अप्पा या दिवसांत दुकानात मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत, जसं काही बाळंतीण आपल्याच माजघरात होती. मीही आता बनात गेले की खोकला दाबते.

दुसरी गोष्ट ऐकून तू हसशील. हस. आपल्या हनुमंताच्या शेळ्या रोज अप्पांच्या समाधीवर येतात. चरायला नाही, तिथं गवत कुठंय. येतात, गुडघे टेकतात, मान खाली घालतात, आणि मातीला जीभ लावून उभ्या राहतात. हनुमंत हाकलून हाकलून दमला. परवा तो दुकानात आला नि म्हणाला, "आक्का, तुमच्या आप्पानं काय जादू केली की काय! माज्या शेळ्या तिथून हालून न्हाई राहिल्या."

पंचफुलाबाई तिथंच शेंगदाणे निवडत बसली होती. तिनं लगेच हात जोडले. "मुकं जनावर हाय, पर माणूस वळखतंय. आप्पानं जल्मभर पाखरं-जनावरं सांबाळली. आता ती दर्शनाला येऊन राहिली."

झालं. गावात बातमी पसरायला दुसरं काय लागतं? सोमवारी चार बाया नारळ घेऊन आल्या. मग कुणी चुना लावून ओटा पांढरा केला, कुणी घंटा आणून खैराच्या फांदीला बांधली. गुरुवारी मुखेडकडची एक जीप आली. ज्यांनी अप्पांना 'डुकरांचा सावकार' म्हणून नाव ठेवलं होतं, ते आता समाधीपुढे डोळे मिटून उभे राहतात. मला हसूही येतं आणि बरंही वाटतं. खरं सांगू, बरं जास्त वाटतं. जन्मभर या माणसाला कुणी शहाणं म्हटलं नाही.

घंटा मी काढून ठेवली. आत बाळंतीण आहे.

शेळ्या टेकतात ते बघायला तू एकदा ये. भांडायला आलास तरी चालेल.

शिवगंगा


धावडी
१९ मे २०२५

वीरेश,

हे पत्र दामिनीला वाचू देऊ नकोस. आधी तू वाच.

काल दुपारी बनात कुणी नव्हतं. हनुमंताच्या शेळ्या होत्या. एक काळी शेळी समाधीच्या कडेची माती चाटत होती, आणि चाटता चाटता तिनं वर बघून ओठ वळवले. दुकानात पोती फुटली की गल्लीतल्या गाई येऊन असंच करतात. कसली पोती, ते आता लिहायलाच पाहिजे.

मी शेळीला बाजूला केलं. बोटावर माती घेतली आणि जिभेला लावली.

खारट लागली. नुसती खारट नाही, तोंड वाकडं व्हावं अशी. जरा लांब गेले, बुंध्यापाशी, तिथं उकरून चाखली. तीही खारट. मुळाची एक काडी मोडून तोंडात धरली, तीसुद्धा. मी जन्मभर किराणा विकलाय. मीठ मला कुणी शिकवायला नको.

मातीच्या दिवशी तू काय म्हणालास ते मला आठवतं. कधी विसरलेच नव्हते. खड्डा खणताना बेहड्याची मनगटाएवढी मुळं तुटत होती, तेव्हा तू म्हणालास, "आक्का, इथं नको. झाड मरंल. पलीकडं खणू." मी म्हणाले, तुला समाधीच नकोय. मग मी दुकानातून मिठाची पोती आणवली. आपल्यात विभूतीबरोबर, बेलाबरोबर मीठ घालतातच, पण ते रीतीपुरतं. मी पोत्यावर पोतं ओतायला लावलं. तू पोतं धरलंस, आठवतं? चार माणसांत माझ्या हातातून ओढलंस आणि म्हणालास, "लई झालं मीठ आता. तरस कुठं राहिलंय, आक्का? तरस संपलं."

आणि मी म्हणाले, तू बापाचा शेवटचा शब्दही मोडशील.

तो शब्द होता, हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही. तू रात्री उशिरा पोहोचलास, तोवर अप्पांचं बोलणं बंद झालं होतं. आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला होता. ते लहान असताना त्यांची धाकटी बहीण तान्हेपणीच गेली होती. तिला बनाच्या कडेला माती दिली आणि सकाळी बघितलं तर तरसानं उकरलेलं. काय उरलं होतं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण साठ-सत्तर वर्षांनी ते त्यांना दिसत होतं. म्हणाले, "गंगा, मीठ भरपूर घाल गं. तरस उकरतंय." लहान मुलासारखे घाबरले होते. मी म्हणाले, घालते अप्पा, तुम्ही झोपा.

सांग, मी कसं घातलं नसतं?

पण तूच बरोबर होतास. तरस शेवटचं कधी बघितलं आपण? नाल्याच्या वरच्या घळीत त्यांचं बीळ होतं. तू चौथीत असताना अप्पांनी आपल्याला लांबून पिलं दाखवली होती आणि रात्री तुझं अंथरूण ओलं झालं होतं. मग क्रशर आला. सुरुंग लागले, आणि एका पावसाळ्यात ती घळच नाहीशी झाली. त्यानंतर तरसाचं हसणं कुणी ऐकलं नाही. अप्पांनाही ठाऊक होतं ते. शेवटच्या दिवसांत मात्र ते विसरून गेले, आणि मी त्यांना आठवण करून दिली नाही. अप्पा, आता तरस नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? मरणाऱ्या माणसाला ते सांगवेना. डोंगरावर जे जनावरच नाही, त्याच्या भीतीनं मी उरलेल्या एका जुन्या झाडाच्या तोंडात मीठ कोंबलं.

पाऊस पडला, मीठ विरघळून खाली उतरलं, उन्हानं थोडं वर आलं, आणि मुळांनी पाण्याबरोबर ओढून घेतलं. इतकी साधी गोष्ट आहे, आणि मी तुझ्यावर हिंगाचा आळ घेतला.

अप्पांचा विधी केलेल्या शिवकुमार स्वामींना जाऊन विचारलं. समाधीच्या बाजूची माती काढून मीठ उपसता येईल का? त्यांनी आधी खड्डा किती खोल होता ते विचारलं. मग म्हणाले, "बसलेल्या माणसाला हलवायचं न्हाई, ताई. बाजूनं उकरायचं तर ज्यानं पयली माती दिली त्याच्याच हातानं उकरा. दुसऱ्याचा हात नको."

तू माती दिलीस. तू ये.

झाड सगळं मेलेलं नाही. विहिरीकडच्या दोन फांद्यांना बोटभर पालवी आली आहे. मादी अजून आत आहे. मिरग लागून पावसानं उरलेलं मीठ आणखी खोल नेण्याआधी ये. सोलरवाल्यांचं नंतर बघू. जमीन लिहून दे म्हणालास तर मी सही करीन, पण ये.

तुझी आक्का


धावडी
९ जून २०२५

चि. वीरेशला अनेक आशीर्वाद. (यावेळी खोडलं नाही.)

तू सुखरूप पोहोचल्याचं दामिनीनं कळवलं. हाताच्या फोडांना खोबरेल लाव आणि सुईनं टोचू नकोस. वर्गात खडू धरता येत नसेल तर तसं पोरांना सांग, आक्कानं खड्डा खणायला लावला म्हणावं.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. पहाटे दारात उभा राहिलास, हातात तिकाव, आणि म्हणालास, "च्या कर. भांडायचं आसंल तर मंग भांड." मला एवढं रडू आलं की चहात साखर घालायची राहिली. तू तो तसाच प्यालास.

बनात जाताना मी सोलरवाल्यांबद्दल विचारलं, तेव्हा तू खोटं बोलला नाहीस. "हाव, बोललो होतो त्यांच्याशी. आप्पा धड असतानाच बोललो होतो. पर बेहडा आन् बेल सोडून, खालच्या पडीकाचं." मग जरा थांबून म्हणालास, "आता म्हणलो तर तुला पटंल का?" मला पटलं. निम्मं पटलं म्हण. तेवढ्यावर आपण कामाला लागलो.

एवढे दिवस झाले, तरी डोळ्यांपुढून ते हलत नाही. तू झाडाच्या बाजूनं उकरत होतास आणि मी टोपल्या ओढत होते. वरवर मातीच होती. कमरेइतकं खाली गेल्यावर मीठ लागलं, पांढरं, घट्ट, ओल्या भिंतीच्या पापुद्र्यांसारखं. त्यात बेहड्याची मुळं अडकली होती, काळी पडलेली. तू एक हातात घेतलंस तर साल सुटून हातात आली. तू ती साल खड्ड्याच्या कडेला ठेवलीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

नर उंबर घेऊन आला की आपण दोघं हातातलं टाकून गप्प बसायचो. तो फांदीवर बसून आपल्याकडे बघायचा, विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करायचा, मग ढोलीच्या फटीतून चोच यायची आणि तो भरवायचा. तू म्हणालास, "बाप्या लई लांबून आणून राहिला गं. विहिरीवरचा उंबर संपला वाटतं." हे तुझ्या ध्यानात आलं याचं मला नवल वाटलं. लहानपणी तुला कावळा आणि कोकिळा कळत नव्हती.

आणि मग बेलाची पानं लागली. काळी, चिकटलेली, पण तीन दलं ओळखू येत होती. त्यांच्या मागं अप्पा होते. तू तिकाव बाजूला ठेवलास आणि हातानं माती सारायला लागलास. मग मागं वळून बघितलंस.

"आक्का, खरं मीठ हितून पुढंच हाय. आजून हातभर आत जायला लागंल. तेवढं काढलं तर झाड जगंल बी. बोल."

मी नाही म्हणाले.

तू परत विचारलंस. "बघ. तू म्हणशील ते करतो. पर मंग झाडाचं काय खरं न्हाई."

मी परत नाही म्हणाले. माझ्याच्यानं झालं नाही. त्यांचा गुडघा लागला असता, हात लागला असता. ते घाबरून माझा हात धरून होते, वीरेश. त्यांच्या अंगाभोवतीचं मीठ मी काढून घ्यायचं?

तू वाद घातला नाहीस. बेलाची ताजी पानं आणून लावलीस आणि चांगली माती भरलीस. या गोष्टीसाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन, आणि याच गोष्टीचा तुझ्यावर रागही आहे. तू माझं ऐकायला नको होतंस.

काढलेलं मीठ कुठं टाकायचं यावरून आपण किती वेळ घातला! नाल्यात टाकावं तर खाली शेतं. बनात टाकावं तर बेल मरतील. जिथं टाकू तिथं काहीतरी जळणारच. शेवटी तूच म्हणालास, क्रशरच्या खाणीत टाकू, तिथं आधीच काही उगवत नाही. पोती उतरवताना मला सुचलं नाही. घरी आल्यावर, तू हात धूत होतास तेव्हा, लक्षात आलं की ती खाण म्हणजे तीच घळ. तरसाला अडवायला घातलेलं मीठ आपण तरसाच्या घरात नेऊन ओतलं. तुला सांगितलं नाही. तू आधीच फार थकला होतास.

तू पाठवलेला पाण्याचा टँकर दोनदा आला. सगळं पाणी मुळाशी सोडलं. शेळ्या आता येत नाहीत. पंचफुलाबाई म्हणते, मुलानं समाधीला हात लावला म्हणून देव उठून गेला. नारळही बंद झाले. मी तिला खरं कारण सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "मिठाचं कुटं आस्तंय व्हय? मीठ काय झाडाला लागतंय?"

मी तरी कुठं ओळखलं होतं?

तुझी आक्का


धावडी
१८ ऑगस्ट २०२५, श्रावणातला शेवटचा सोमवार

चि. वीरेश व सौ. दामिनी यांना अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला तू येऊन गेलास, तेव्हा झाडाचं कुणीच बोललं नाही. तू वर बघितलंस आणि चप्पल शोधायला लागलास. मीही स्वामींच्या पानात वाढायला गेले. समोरासमोर बोलायला आपल्याला कधी जमलंय? म्हणून लिहिते.

बेहडा गेला. विहिरीकडच्या फांद्यांची पालवी आषाढात कोमेजली. परवा वारा सुटला तर समाधीकडच्या बाजूची साल हातभर सुटून खाली पडली. आत मुंग्या लागल्या आहेत. हनुमंतानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून बघितलं. आवाज पोकळ आला. तो म्हणाला, "आक्का, गेलं झाड." सांगताना त्यानं डोक्यावरचा पटका काढला, माणूस गेल्यासारखा.

मादी पिलं घेऊन त्याच्या आधीच बाहेर आली होती. दोन पिलं. झाडाला पान नव्हतं, त्यामुळे उघड्यावर बसून उडायला शिकली आणि मला सगळं बघायला मिळालं. आता कुठं गेली ठाऊक नाही. पुढच्या वर्षी येतील. मेलेल्या झाडालाही ढोली असतेच, आणि ती काही वर्षं तरी टिकेल. म्हणून क्रशरच्या मालकानं लाकडाला माणूस पाठवला त्याला मी परत धाडलं. तुझा होकार धरूनच. वारा पाडेल तेव्हा पाडू दे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी अप्पांनी मला सांगितली होती आणि तुला बहुधा नाही. हा डोंगर निजामाच्या काळात दाट रान होता. कोळशाचा ठेका आपल्या पणजोबांनी घेतला होता. धावडा, मोह, टेंभुर्णी, सगळं भट्ट्यांत घालून कोळसा हैदराबादला गेला, आणि त्या पैशातून आपलं दुकान उभं राहिलं. बेहडा तेवढा वाचला, कारण त्यात भूत असतं म्हणून तोडायला कुणी मजूर तयार होईना. अप्पा 'आपल्याला जाळायला लाकूड लागत नाही' म्हणायचे ना, ते बढाई मारत नव्हते. पणजोबांनी जाळलेलं त्यांना डाचत होतं. जे भुताच्या भीतीनं वाचलं, ते तरसाच्या भीतीनं मेलं. आपल्या घराला झाडाचं एवढंच कळतं म्हणायचं.

रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, त्या दिवशी 'हातभर आत जा' म्हणाले असते तर? अप्पांनाच विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? म्हणाले असते, काढ मीठ, मला काय होतंय. भीती गेल्यावर त्यांनी पहिलं झाडाकडेच बघितलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी नाही म्हणाले, कारण मला माझा बाप पाहिजे होता, झाड नव्हे. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

बेहड्याची फळं दुकानातल्या बरणीत होती, त्रिफळ्यासाठी ठेवलेली. थोडी बनाच्या वरच्या अंगाला, जिथं मीठ पोहोचलं नाही, तिथं टोकली आहेत. उगवली तर ढोली पडायला शंभर वर्षं लागतील. तोवर शिंगचोच्यांनी काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही, गुडघा सोडला तर. पण माझी वेळ येईल तेव्हा माती तूच देशील, आणि तेव्हा मी बोलू शकणार नाही. म्हणून आत्ताच सांगते. मला अप्पांच्या शेजारी नको, बनाच्या वर, उघड्यावर बसव, कुठल्याच मुळांजवळ नको. बेल घाल, विभूती घाल. स्वामी मीठ म्हणतील, पंचफुलाबाई असलीच तर तीही म्हणेल. कुणाचं ऐकू नकोस. शेवटच्या दिवशी मीच तुझा हात धरून 'मीठ घाल' म्हणाले तर माझंही ऐकू नकोस. माझं म्हणणं हे आहे, जे आज शुद्धीत लिहिते आहे.

एक चिमूटही मीठ घालू नकोस, वीरेश. आणि त्या रात्री खरंच कुठून तरस आलं उकरायला, तर त्याला हाकलू नका. येऊ दे.

तुझी,
आक्का